हातपंपावरची आत्या

जंगलात गेल्यावर वाघ बघायचा असतो, एवढं मलाही कळतं. तरी ताडोबात तीन दिवस काढून मी एकही प्राणी धड बघितला नाही. पहिले दोन दिवस मी बघत होते मोबाइलच्या कोपऱ्यातल्या रेंजच्या कांड्या. एक कांडी यायची, जायची. पुन्हा यायची, आणि मी ‘आली, आली’ म्हणेपर्यंत जायची. जीपमध्ये शेजारी बसलेला माझा नवरा दुर्बिणीतून तळ्यापलीकडे बघत कुजबुजायचा, "ते बघ, गवे." मी म्हणायचे, "गवे राहू द्या हो, तुम्ही फोन जरा वर धरा. तुमचा हात उंच जातो."

आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी, महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला सटाण्यात माझ्या भावाच्या मुलीला पाळण्यात घालणार होते. मी तिची एकुलती एक सख्खी आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते मी. आणि मी तिथे, सागाच्या झाडांमध्ये.

हे कसं झालं ते सांगते, म्हणजे दोष कुणाचा ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. माझं ठरलेलं होतं. पहिला दोष नवऱ्याचा. साल दोन हजार चार असेल नाहीतर पाच. त्याच्या ऑफिसातली प्रवासाची सवलत डिसेंबरअखेर बुडणार होती. तीन वर्षं आमचे हे ‘जाऊ, जाऊ’ करत बसले आणि मग शेवटच्या आठवड्याचं आरक्षण करून आले. तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं की जानेवारीत यायची पोर डिसेंबरातच येईल. ती आली. बारावा दिवस नेमका सहलीत आला. मी म्हटलं, तुम्ही एकटे जा. तर म्हणाले, "सवलत कुटुंबासह मंजूर झालीये. साहेबांनी स्वतः सही केलीय." जसं काही साहेब जंगलात येऊन माझी हजेरी घेणार होते.

दुसरा दोष भावाच्या सासूबाईंचा. पहिलं बाळंतपण म्हणून भावजय माहेरी, सटाण्याला होती. बारसं तिथेच. मी फोन करून म्हटलं, चार दिवस पुढे ढकला, सव्वा महिन्याने करा, पुष्कळ लोक करतात. त्या म्हणाल्या, "बारावा म्हणजे बारावा. आमच्याकडे असंच शे." आणि वर, "आत्याबाई फोनवर सांगतील की नाव. आता काय, सगळं फोनवर होतं."

मी फोनवर सांगायला ‘बरं’ म्हणाले, हा दोष मात्र माझा. आमच्या नाशिकमध्ये तोवर मोबाइल रुळला होता. द्वारकेच्या चौकात छत्र्यांखाली टेबलं मांडून सिम कार्डं विकायला लागले होते, भाजीवाल्यांच्या कमरेलाही फोन लटकत होता. कुठेही गेलं तरी फोन लागतो, असा माझा ठाम समज होता. माझी ‘कुठेही’ची हद्द मनमाडपर्यंत होती, हे मला वर्ध्याला उतरल्यावर कळलं.

आमच्या घरात बारशाची एक पद्धत आहे. नाव आत्या निवडते आणि ते कुणाला सांगत नाही. आईबापालासुद्धा नाही. पाळण्याशी वाकून ती बाळाच्या कानात सांगते, मागून बायका तिच्या पाठीवर थापट्या मारत ‘कुर्र’ करतात, आणि मग ती सरळ उभी राहून ते सगळ्यांना ऐकवते. म्हणजे ते नाव जगात पहिल्यांदा ऐकतं ते बाळ. मला ही पद्धत फार आवडते. त्यात आत्येला एवढा एकच मान आहे, बाकी आहेर द्यायचा आणि घरी जायचं.

भाऊ माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे त्याचे डबे, दप्तर, तापातल्या पट्ट्या, सगळं माझ्याकडे होतं. मखमलाबादच्या रस्त्याला आमची माहेरची थोडी शेती आहे, तिथे तो शेवंती आणि गुलाब लावतो. त्याच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. त्यामुळे या पोरीचं नाव मी किती दिवस मनात घोळवलं असेल ते विचारू नका. राशीचं अक्षर कळल्यावर शाळेच्या हजेरीपटात त्या अक्षराची सगळी नावं बघून झाली. एकही पसंत पडलं नाही, मग एक स्वतःच सुचलं. ते नाव मी इथेही सांगणार नाही.

माझ्या मनात एक धास्ती होती. मनमाडची आमची चुलत बहीण बारशाला जाणार होती. म्हणजे तीही आत्याच. ती रेल्वे कॉलनीत प्रत्येक बारशाला पुढे असायची आणि तिच्याकडे नावं तयारच असायची. माझा फोन लागला नाही तर तिला पुढे करतील, ही उघड गोष्ट होती. आणि भावजय ‘नको’ म्हणणार नाही, याचीही मला खात्री होती. आमचं भांडण असं कधी झालं नव्हतं. ती घुमी, मी बडबडी. पण काही वर्षांपासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं, बारावा दिवस तिनेच धरून ठेवला असणार. आईचं नुसतं नाव.

असो. विश्रामगृहात पोचलो त्या संध्याकाळीच मी कामाला लागले. व्हरांडा, गच्ची, मोरी, जीप उभी करायची जागा, सगळीकडे फोन नाचवून झाला. काही नाही. विश्रामगृहाचा स्वतःचा फोन पावसाळ्यापासून मुका होता. खानसामा माझी गंमत बघत होता. शेवटी त्याला दया आली.

"मॅडम, इथं टावर नाही भेटत. गावात जा न. हातपंपाच्या ओट्यावर चढून नदीकडं तोंड केलं तं दोन कांड्या येते."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी विचारलंच नाही जी."

सकाळी मी जाऊन बघून आले. खरंच होतं. सिमेंटचा गोल ओटा, मध्ये हातपंप, आणि दांड्याच्या उजव्या अंगाला एक पाऊल मावेल एवढी जागा. तिथे उभं राहून मान तिरकी केली की दोन कांड्या. पाऊल खाली ठेवलं की शून्य. मी भावाला फोन लावला. लागला! मी म्हटलं, "नीट ऐक. बरोबर पाच वाजून दहा मिनिटांनी मी इथे उभी असेन. फोन मी करीन. तू करायचा नाही. दोघांनी एकदम लावला तर दोघांचाही एंगेज येतो."

"हो ताई."

"मिस कॉलही द्यायचा नाही."

"नाही देत गं."

दुपारच्या फेरीला नवरा एकटा गेला. "त्या तळ्यावर काल वाघीण दिसलीये लोकांना," असं तो मला तीन वेळा म्हणाला. मी म्हटलं, माझा नमस्कार सांगा. पावणेपाचला मी चांगली साडी नेसून, कुंकू लावून, फोन पदराखाली धरून हातपंपाकडे निघाले. रस्त्यावरची माकडंसुद्धा माझ्याकडे बघत होती.

आणि तिथे जाऊन बघते तर ओट्याभोवती पंधरा-वीस बायका, हंडे आणि कळश्या. सकाळी मी गेले तेव्हा पाणी भरून झालेलं होतं. संध्याकाळी पाचला पुन्हा पाण्याची वेळ असते, हे मी विचारलं नव्हतं, म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. पंपाचा दांडा असा कुरकुरत होता की माझं मलाच ऐकू येईना. आणि माझ्या पावलाच्या जागेवर एक पितळी हंडा बसलेला.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे आवाजाला कमी नाही. म्हटलं, "बाई, हा हंडा जरा बाजूला घ्या, मला इथे उभं राहायचंय."

"पाण्याले नंबर हाय मॅडम," एक म्हातारी म्हणाली.

"मला पाणी नकोय. फोन करायचाय."

"मंग शहरात जाऊन करा न."

माझा पारा चढला. पण घड्याळात पाच वाजून चार मिनिटं झाली होती, चिडायलाही वेळ नव्हता. मी सरळ सांगून टाकलं. भावाला नऊ वर्षांनी मुलगी झालीये, आत्ता बारसं आहे, मी आत्या आहे आणि नाव मला सांगायचंय.

दांडा थांबला. म्हातारीने हंडा स्वतः उचलला. "थांबा वो साऱ्या. आत्याबाईले बोलू द्या." मला हाताला धरून तिने ओट्यावर चढवलं. वीस बायका हंडे घेऊन माझ्याभोवती गप्प उभ्या राहिल्या. एकीने तर हसत हसत माझ्या पाठीशी हात नेऊन ठेवला, कुर्र करायला. माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, पण तेवढ्यात मी फोन लावला आणि एंगेज आला.

पुन्हा लावला. एंगेज. भाऊ मलाच लावत होता, दुसरं काय! लहानपणापासून या मुलाला सांगितलेलं कळत नाही. तिसऱ्यांदा ती रेकॉर्डवरची बाई बोलायला लागली, की मला हवी असलेली व्यक्ती क्षेत्राच्या बाहेर आहे. इतक्या मऊ आवाजात सांगत होती, जसं काही तिलाच वाईट वाटतंय. क्षेत्राबाहेर मी होते, तो नव्हता. पाच वाजून नऊ मिनिटं. दहा. बारा. मी मान तिरकी केली, सरळ केली, एका पायावर उभी राहिले. म्हातारी म्हणाली, "नदीकडं पाहा न बाई, नदीकडं." मी नदीकडे पाहिलं आणि फोन लागला.

"ताई! ...कधीचा... घे, मी तिच्या... ला..." एवढंच आलं, आणि मग खरखर. मागे बायकांचा गलका, पाळण्याच्या घुंगरांचा आवाज, मग काहीच नाही.

"हॅलो! हॅलो! आवाज येतोय का? अरे बोल ना! हॅलो! कुणी धरलाय फोन? गाढवा, वेळ निघून चालली, तोंडाने काहीतरी बोल!"

पलीकडून कुणी बोललं नाही. फक्त एक बारीक आवाज आला, नाक चोंदल्यासारखा. फूं, फूं. मग दुधाच्या उचकीसारखं काहीतरी. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की फोन कुठे धरलाय. भावाने तो केव्हाच पोरीच्या कानाला लावला होता. मी श्वास घेतला, तोंड उघडलं, नाव अगदी ओठांवर आलं, आणि फोन कट झाला. कांड्या गेल्या त्या गेल्याच.

मी ओट्यावर तशीच उभी. पाठीवरचा हात हळूच निघून गेला.

"नाव तं घेतलंच नाही तुमी," म्हातारी म्हणाली. "नुसत्या रागावल्या." आणि थोडं थांबून, "त्या लेकराले का समजलं असंल?"

मी आणखी वीस मिनिटं प्रयत्न केला. मग बायकांना पाणी भरायचं होतं. मी उतरले.

विश्रामगृहावर आले तर नवरा व्हरांड्यात उभा, चेहरा उजळलेला. "वाघीण! दोन पिल्लं! अगं, जीपच्या पुढून चालत गेली!" त्याने माझ्याकडे बघितलं आणि गळ्यातली दुर्बीण काढून ठेवली. त्याला मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मग मी फोन बंद केला. वेळ टळली होती. मनमाडच्या बहिणीने पदर खोचला असणार, तिच्या पोतडीतलं एखादं नाव काढलं असणार. ते मला फोनवर ऐकायचं नव्हतं. चंद्रपूरला परतताना एसटी स्टँडवर तीन बूथ होते, तिथूनही मी फोन केला नाही. ज्यांना घाई होती त्यांनी उरकून घेतलं, आता कशाला विचारायचं? हे मी वर्ध्यापर्यंत म्हटलं, नाशिकरोडपर्यंत म्हटलं. आमच्या यांनी बिचाऱ्यांनी भुसावळला केळी घेतली, ती तशीच काळी पडली.

बारशानंतर चौथ्या दिवशी आम्ही सटाण्याला गेलो. आहेर द्यायला जाणं भाग होतं. मी ठरवलं होतं, दहा मिनिटं बसायचं आणि निघायचं. भाऊ दारातच होता. मी चपला काढतानाच विचारलं, "काय ठेवलंत मग नाव?"

तो हसायला लागला. "ते तूच सांगणार ना! तू तिच्या कानात सांगितलंस, आम्हाला कसं कळणार? चार दिवस तुझा फोन बंद. आम्ही आपले पोर, पोर म्हणतोय."

मला काही कळेना. आतून त्याच्या सासूबाई आल्या त्या तणतणतच. "असं बारसं मी जन्मात नाही पाह्यलं. पाव्हणे घुगऱ्या खाऊन गेले आणि नाव कोणालेच माहीत नाही. ती मनमाडची ताई सांगत होती नाव, तर ही आमची लेक ऐकेच ना. म्हणे, नाशिकच्या ताईंनी फोनवर सांगितलं, मी ऐकलं, पोरीच्या कानाशी मीच होते. मग म्हटलं, तू सांग. तर म्हणे, तो मान त्यांचा, त्या आल्यावर सांगतील."

मी भावजयीकडे बघितलं. ती खाटेवर कानाला रुमाल बांधून बसली होती, पोरीला थोपटत. तिने वर बघितलं नाही.

मग मी पाळण्याशी गेले. पोरीला त्यात ठेवलं. भावाच्या सासूबाई आणि शेजारच्या दोघी मागे आल्या. मी वाकून त्या एवढ्याशा कानात नाव सांगितलं. पाठीवर थापट्या पडल्या, कुर्र झालं. उभी राहून मी ते मोठ्याने सांगितलं. सगळ्यांना आवडलं. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "चांगलं शे, पण फोनवर कोणाले ऐकू आलं असतं?" सगळ्यांना वाटलं, मी दुसऱ्यांदा सांगतेय.

मंडळी चहाला बाहेर गेली. खोलीत आम्ही तिघीच राहिलो. मी दार लोटलं.

"खरं सांग," मी म्हटलं. "तुला काय ऐकू आलं होतं?"

"गाढवा," ती म्हणाली. हसू दाबत होती. "आणि वेळ निघून चालली. मग बंदच झाला."

"मग नाव ऐकलं असं का सांगितलंस सगळ्यांना?"

तिने पोरीला पाळण्यातून उचललं, दुपटं नीट केलं. "मनमाडच्या ताई पाळण्याशी आल्या होत्या. आई पण म्हणाली, होऊ दे आता, कोण थांबणार. माझ्याकडून होईना, ताई. पाळण्यापासून बाजूला केलं की कसं वाटतं ते मला माहीत आहे."

माहीत होतं तिला, कारण ते मीच केलं होतं. सहा वर्षांपूर्वी, आमच्या मावसबहिणीच्या घरी, नाशिकमध्येच. बाळाला पाळण्याच्या वरून-खालून फिरवायला बायका उभ्या राहिल्या होत्या. ही हौसेने पुढे झाली होती, नवी साडी नेसून, हात पुढे करून. मी तिच्या खांद्याला धरून मागे घेतलं आणि म्हणाले, "तू राहू दे. तू पानसुपारीचं बघ." चारचौघींत. वाईट हेतूने नव्हे, म्हणजे मी तरी तसंच समजत होते. मूल नसलेल्या बाईला पुढे करत नाहीत, एवढाच विचार, आणि तोही विचार न करता. घरी जाऊन मी ते विसरले होते. ती विसरली नव्हती. सहा वर्षं एका घरात येऊन-जाऊन तिने त्याबद्दल शब्द काढला नाही, आणि मी तिला घुमी म्हणत राहिले.

मला फार लाज वाटली. दहा मिनिटं बसायचं ठरवून आलेली मी तशीच उभी होते. हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं.

"घ्या ना," ती म्हणाली, आणि पोर माझ्या हातात दिली.